सोनं-स्टीलचं जुनं सबमरिनर घेताना: पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

ऐंशीच्या दशकात आमच्या रत्नागिरीत दोन रंगांचं घड्याळ दिसलं की माणूस आखातातून आलाय हे कळायचं. माझे मामा मस्कतला होते. ते सुट्टीवर आले की त्यांच्या मनगटावरच्या चेनकडे आम्ही पोरं टक लावून बघत बसायचो. कडेला चंदेरी कड्या, मध्ये सोनेरी. ते सिको होतं आणि सोनेरी भाग मुलाम्याचा होता, हे फार नंतर समजलं. त्या चेनची ओढ मात्र राहिली. पन्नाशीला आल्यावर मी खऱ्या सोन्याचं दोन रंगी घड्याळ घ्यायचं ठरवलं. नवीन परवडणार नव्हतं, म्हणून वापरलेलं. शोधायला चौदा महिने लागले, दोन घड्याळं ऐनवेळी नाकारली, तिसरं घेतलं: रोलेक्स सबमरिनर (रोलेक्सचं डायव्हिंगसाठी बनवलेलं घड्याळ), मॉडेल १६६१३, निळ्या तबकडीचं.

त्या चौदा महिन्यांत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. एक गोष्ट आधीच सांगतो. नुसत्या स्टीलच्या घड्याळात लोक तबकडी आणि मशीन बघतात, ते बरोबरच आहे. दोन रंगी घड्याळात झीज, फसवणूक आणि पैसा हे सगळं सोन्याच्या भागात दडलेलं असतं. म्हणून सोनं आधी बघायचं, बाकी सगळं नंतर.

सोबत काय न्यायचं

- दहा पट मोठं दाखवणारं भिंग. सराफ वापरतात तेच, कुठेही मिळतं.
- मोबाईलचा टॉर्च आणि एक मऊ, स्वच्छ कापड.
- आपल्या मनगटाचा घेर, सेंटीमीटरमध्ये मोजून लिहिलेला.
- त्याच मॉडेलच्या अस्सल घड्याळाचे पाच-सहा स्पष्ट फोटो, मोबाईलमध्ये साठवलेले.
- पॅन कार्ड आणि ओळखपत्र.
- शक्य असेल तर ओळखीचा घड्याळजी. त्याचा अर्ध्या दिवसाचा मोबदला आनंदाने द्या.

१. मॉडेल आणि पिढी आधी ठरवा

'दोन रंगी रोलेक्स हवंय' असं सांगून दुकानात शिरलात तर दुकानदार त्याच्याकडे जे पडून आहे तेच दाखवेल. स्टील आणि सोन्याच्या या जोडीला रोलेक्स 'रोलेसर' म्हणतं. हे नाव त्यांनी १९३३ मध्ये नोंदवलं, म्हणजे ही काही ऐंशीच्या दशकातली फॅशन नव्हे. सबमरिनरमध्ये साधारण तीन पिढ्या बाजारात भेटतात.

१६६१३ ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून २००९ च्या सुमारापर्यंत चालली. आकार ४० मिलिमीटर, बेझलची (काचेभोवतीच्या फिरत्या कड्याची) रंगीत पट्टी अॅल्युमिनियमची, आत ३१३५ क्रमांकाचं मशीन. नंतर २००९ मध्ये ११६६१३ आलं. त्याची बेझल सिरॅमिकची, चेन भरीव आणि क्लॅस्प (चेन बंद करायची पकड) फार चांगला. सप्टेंबर २०२० मध्ये १२६६१३ आलं. ते ४१ मिलिमीटरचं आहे, आत ३२३५ मशीन, आणि पूर्ण चावी दिल्यावर सुमारे ७० तास चालतं. ३१३५ सुमारे ४८ तास चालतं.

मी जुनी पिढी निवडली, कारण अॅल्युमिनियमची निळी पट्टी उन्हात हळूहळू फिकी होत जाते आणि मला ते आवडतं. तबकडीचा निळाही काही घड्याळांत जांभळटपणाकडे झुकतो. ज्यांना घड्याळ रोज, बेफिकीर वापरायचंय त्यांनी ११६६१३ बघावं. त्याची चेन जास्त टिकते.

इतर ब्रँडही आहेत. कार्टिएचं सांतोस १९७८ मध्ये सोन्याच्या स्क्रूंसह स्टीलमध्ये आलं आणि आजही अतिशय देखणं दिसतं. ट्यूडरने २०१७ मध्ये ब्लॅक बे दोन रंगात आणलं. त्याच्या चेनच्या मधल्या बहुतेक कड्या स्टीलवर सोन्याचं आवरण चढवलेल्या आहेत. हे ट्यूडर उघडपणे सांगतं, त्यात लपवाछपवी नाही. पण घेणाऱ्याला माहीत हवं, कारण भरीव सोनं, आवरण आणि मुलामा या तिन्हींची किंमत आणि झीज वेगवेगळी असते.

२. बजेट: घड्याळाची किंमत म्हणजे पूर्ण खर्च नव्हे

इंटरनेटवर दिसणारा आकडा हा विकणाऱ्याने मागितलेला आकडा असतो. व्यवहार त्याखाली होतात. एकाच पिढीच्या, सारख्या स्थितीच्या आठ-दहा घड्याळांचे भाव वहीत लिहा, सर्वांत वरचे दोन आणि सर्वांत खालचे दोन खोडा. उरतील त्यांच्या आसपास बाजार असतो. फारच स्वस्त असेल तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्यात सर्व्हिसिंगचा खर्च मिळवा. शेवटची सर्व्हिस कधी झाली याचा कागद नसेल तर ती झालेलीच नाही असं धरून चाला. चेनच्या कमी असलेल्या कड्यांचा खर्चही मिळवा. सोन्याची एक जादा कडी नंतर वेगळी घ्यायला गेलात की डोळे पांढरे होतात. माझ्या मनगटाचा घेर मोठा, त्यामुळे पहिल्या घड्याळात दोन कड्या कमी पडत होत्या. दुकानदार म्हणाला, "त्या काय, मिळून जातील." त्या मिळवण्याचा खर्च मी विचारला तेव्हा त्याला उत्तर देता आलं नाही.

आपल्याकडे एक सवय आहे, घड्याळातल्या सोन्याचं वजन काढून भाव ठरवायची. इथे ती मोडा. हे सोनं १८ कॅरटचं, म्हणजे ७५० शुद्धतेचं. दागिन्यांच्या ९१६ पेक्षा कमी. आणि घड्याळाची किंमत त्या सोन्यापेक्षा कितीतरी जास्त असते. वितळवायच्या हिशोबाने बघितलंत तर प्रत्येक घड्याळ महागच वाटेल.

३. विकणारा कोण ते बघा

तीन प्रकारचे लोक भेटतील. मोठ्या घड्याळ-दुकानांचा वापरलेल्या घड्याळांचा विभाग, स्वतंत्र डीलर, आणि स्वतःचं घड्याळ विकणारी व्यक्ती. पहिल्याकडे भाव जास्त, पण बिल आणि वॉरंटी मिळते. रोलेक्सने स्वतः तपासलेल्या जुन्या घड्याळांचा कार्यक्रम डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केला आणि तो निवडक दुकानांतून चालतो. त्यात दोन वर्षांची हमी असते. परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांना हा मार्ग जवळ असेल तर पहिल्या खरेदीसाठी तोच घ्या.

परदेशातून कुरिअरने मागवायचा विचार असेल तर थांबा. आपल्या परकीय व्यापार धोरणात वापरलेल्या मालाची आयात सर्वसाधारणपणे निर्बंधित प्रकारात मोडते, आणि पार्सल कस्टममध्ये अडकलं की सोडवताना जीव मेटाकुटीला येतो. कुणी नातेवाईक 'हातात घालून आणतो' म्हणाला तरी विमानतळावर ते जाहीर करून शुल्क भरायचं असतं, आणि ती पावती आयुष्यभर जपायची असते. भारतात मिळणारं घड्याळ बाहेरून आलेलं असेल तर हीच पावती विकणाऱ्याकडे मागा.

४. सोनं बघणं

इथे घाई करू नका. मी तिसऱ्या घड्याळाला या पायरीवर पावणेदोन तास दिले.

*अ. चेन काढून लगमधले अंक वाचा.* लग म्हणजे चेन जिथे जोडतात ते घड्याळाचे पाय. चेन काढल्यावर घड्याळाच्या दोन टोकांना, लगच्या मध्ये, अंक कोरलेले दिसतात. बाराच्या बाजूला मॉडेल क्रमांक, सहाच्या बाजूला अनुक्रमांक. माझ्यासमोर ठेवलेलं पहिलं घड्याळ बाहेरून सुंदर होतं. सोनेरी बेझल, सोनेरी क्राउन (चावी द्यायची बाजूची गुंडी), दोन रंगी चेन. चेन काढायला लावली तर बाराच्या बाजूला १६६१० असं कोरलेलं. १६६१० म्हणजे नुसतं स्टीलचं सबमरिनर. त्यावर नंतर सोनेरी भाग चढवले होते. विकणाऱ्याने 'चेन काढायचं हत्यार नाही' म्हणून आधी टाळाटाळ केली होती. हा अनुभव तुम्हालाही येईल. हत्यार नसलेल्या दुकानात लाखोंचं घड्याळ घेऊ नका. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अनुक्रमांक काचेखालच्या आतल्या कड्यावर येऊ लागला, तेव्हा नव्या पिढीत तिथे शोधा.

*आ. टंच काढून घ्या, पण कस लावू देऊ नका.* ओळखीच्या सराफाकडे कॅरटोमीटर असतो. त्यात घड्याळाला ओरखडा न पडता सोन्याचं प्रमाण कळतं. बेझल, क्राउन आणि चेनच्या मधल्या कड्या, या सगळ्यांवर ७५ टक्क्यांच्या आसपास आकडा यायला हवा. एक मेख लक्षात ठेवा. हे यंत्र पृष्ठभागच वाचतं. जाड मुलामा असेल तर तेही फसतं. म्हणून घासलेल्या जागी, कडीच्या आतल्या बाजूला, क्लॅस्पच्या कडेला असं पाच-सहा ठिकाणी वाचायला सांगा. दुसरं घड्याळ मी इथेच नाकारलं. अकरा कड्यांवर आकडा नीट, क्लॅस्पजवळच्या तीन कड्यांवर घसरलेला. कुणीतरी झिजलेल्या कड्यांच्या जागी मुलाम्याच्या बसवल्या होत्या. विकणारे गृहस्थ मलाच विचारत होते हे कसं झालं. त्यांनाही ते तसंच मिळालं असावं. सराफ कसोटीचा दगड किंवा आम्ल काढू लागला तर हात धरा. दागिन्याला चालतं, घड्याळाला नाही.

*इ. चेनचा झोल.* घड्याळ आडवं धरा, क्राउनची बाजू वर, आणि चेन हवेत मोकळी सोडा. नवी चेन जवळजवळ सरळ राहते. झिजलेली खाली लोंबते. सोनं स्टीलपेक्षा मऊ, शिवाय १६६१३ च्या चेनमधल्या सोन्याच्या कड्या बहुधा आतून पोकळ. आपल्याकडचा घाम आणि धूळ सांध्यांत बसते, घासपेपरासारखं काम करते आणि कड्यांची छिद्रं मोठी होतात. थोडा झोल चालेल, वयाप्रमाणे येतोच. धनुष्यासारखी वाकली तर भावात मोठी सूट मागा किंवा सोडून द्या. झोल दुरुस्त करणारे कारागीर आहेत, पण ते काम महाग आणि वेळखाऊ.

*ई. पॉलिश किती झालंय.* विकण्याआधी चकाचक करायची घातक सवय बाजारात आहे. प्रत्येक पॉलिशमध्ये धातू जातो, आणि सोनं स्टीलच्या आधी जातं. बेझलच्या कडेचे दाते भिंगाखाली बघा. ते टोकदार हवेत, बोथट झालेले नकोत. लगच्या कडा बघा, दोन्ही बाजूंना जाडी सारखी आहे का. ओरखडे असलेलं पण कडा शाबूत असलेलं घड्याळ हे आरशासारख्या चमकणाऱ्या, गोल झालेल्या घड्याळापेक्षा नेहमी चांगलं. माझ्या घड्याळावर ओरखडे भरपूर आहेत आणि मी ते तसेच ठेवलेत.

*उ. शिक्के.* सोन्याच्या भागांवर ७५० चा किंवा स्वित्झर्लंडचा शिक्का सापडतो. १९९५ नंतरच्या स्विस शिक्क्यात सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं आहे. भिंगाखाली शिक्का स्वच्छ, खोल आणि सरळ हवा. क्राउनवर रोलेक्सच्या मुकुटाच्या चिन्हाखाली तीन ठिपके असतात, ती सबमरिनरच्या ट्रिपलॉक क्राउनची खूण. क्राउन उघडताना आणि परत फिरवून बसवताना आटे खाल्ल्यासारखे लागत असतील तर नळी झिजली आहे. मागचं झाकण साधं असतं. काचेचं किंवा नक्षीचं झाकण दिसलं की उठा.

५. तबकडी आणि काटे

दोन रंगी घड्याळात इथे सर्वाधिक चूक होते ती रात्री चमकणाऱ्या ठिपक्यांबाबत. १९९८ च्या सुमारापर्यंत त्यांत ट्रिशियम हा किरणोत्सारी पदार्थ वापरत. तबकडीच्या तळाशी 'स्विस' शब्दासोबत 'टी' अक्षर असतं. ट्रिशियमचं अर्धायुष्य सुमारे १२ वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मं उरतं. म्हणजे १९९२ च्या घड्याळाची तबकडी आज अंधारात चमकता कामा नये. विकणारा टॉर्च मारून 'बघा कसं लखलखतंय' म्हणत असेल आणि तळाशी 'टी' असेल, तर ठिपके पुन्हा भरले आहेत. तबकडीवर 'टी' नाही आणि घड्याळ मात्र नव्वदच्या सुरुवातीचं, असं असेल तर सर्व्हिसमध्ये तबकडी बदलली आहे. कंपनीने बदललेली तबकडी ही फसवणूक नाही, पण किंमत त्यानुसार ठरवा. ठिपके आणि काटे यांचा रंग एकमेकांशी जुळतो का तेही बघा. तारखेवरचं भिंग अडीच पट मोठं दाखवतं. तारीख मध्यरात्री हळूहळू सरकत नाही, झटक्यात बदलते.

६. मशीन

हे घड्याळजीवर सोपवा. पूर्ण चावी द्या, घड्याळाची चाल मोजणाऱ्या टायमिंग मशीनवर ठेवायला सांगा, आणि ३१३५ साठी लिफ्ट अँगल (मोजणीसाठी त्या यंत्रात भरायचा कोन) ५२ अंश घातलाय ना हे विचारा. तबकडी वर असताना बॅलन्स चाकाच्या झोक्याची रुंदी, म्हणजे अॅम्प्लिट्यूड २६० अंशांच्या वर असेल तर उत्तम. २२० च्या खाली असेल तर सर्व्हिस जवळ आली आहे. क्रोनोमीटरची (अचूकतेचं प्रमाणपत्र मिळालेल्या घड्याळाची) प्रमाणित मर्यादा दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद आहे. जुन्या घड्याळाने थोडं इकडेतिकडे केलं तरी घाबरू नका. वेगवेगळ्या स्थितींत आकडे फार उड्या मारत असतील तर विचार करा.

पाण्याचा दाब तपासूनच घ्या. तबकडीवर ३०० मीटर लिहिलंय ते नव्या घड्याळासाठी. वीस वर्षांच्या जुन्या गास्केटला (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याला) मुंबईच्या जूनचा दमटपणाही पुरतो.

७. कागद आणि पैसे

मागायचे कागद असे:

- मूळ गॅरंटीचा कागद किंवा कार्ड, आणि त्यावरचा अनुक्रमांक घड्याळावरच्याशी जुळतो का.
- सर्व्हिसचे कागद, असतील तेवढे.
- बाहेरून आणलं असेल तर कस्टमची पावती.
- विकणारी व्यक्ती असेल तर तिच्या ओळखपत्राची सही केलेली प्रत आणि 'हे घड्याळ माझं आहे, त्यावर कोणताही बोजा नाही' असं लिहिलेलं विक्रीपत्र, अनुक्रमांकासह.
- काढलेल्या सगळ्या कड्या.

रिकामे डबे आणि बनावट कार्डं वेगळी विकली जातात, म्हणून 'फुल सेट' (डबा आणि कागदांसह) या शब्दावर भाळू नका. मी घेतलेल्या घड्याळाचा डबा हरवलेला होता, कागद मात्र होता. निवृत्त जहाजी अधिकाऱ्याने सिंगापूरला १९९६ मध्ये घेतलं होतं आणि भरती-ओहोटीच्या तक्त्यांच्या वहीत तो कागद नीट घडी करून ठेवला होता.

पैसे देण्याआधी अनुक्रमांक चोरीच्या नोंदींत तपासा. कार्टिएची मालकी असलेल्या रिचमाँट समूहाने २०२३ मध्ये सुरू केलेलं 'एन्क्विरस' विनाशुल्क आहे आणि कोणत्याही ब्रँडसाठी चालतं. लंडनचं 'द वॉच रजिस्टर' शुल्क घेऊन शोध करून देतं. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. नंतर 'मला माहीत नव्हतं' सांगायची वेळ आली तर तपासल्याचा पुरावा हातात असलेला बरा.

पैसे बँकेतून द्या. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारायला कायद्याने मनाई आहे, आणि त्या रकमेवरच्या व्यवहाराला पॅन लागतो. डीलर 'थोडे रोख, थोडे चेकने' म्हणाला तर नाही म्हणा. नंतर विम्याला किंवा पोलिसांना दाखवायला तुमच्याकडे अर्ध्याच किमतीचं बिल राहतं. डीलरच्या बिलावर जीएसटी वेगळा दिसला नाही तर लगेच संशय नको. वापरलेल्या मालावर त्याला फक्त नफ्याच्या फरकावर कर भरायची मुभा आहे. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांच्या वरच्या मनगटी घड्याळावर विक्रेता १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर) घेतो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून मिळतो, म्हणून पॅन अचूक लिहिलाय का तपासा.

८. घरी आणल्यावर

पहिल्याच आठवड्यात सगळ्या बाजूंनी फोटो काढा, लगमधल्या अंकांसह, आणि घराच्या विम्यात घड्याळाची वेगळी नोंद करा. सर्वसाधारण 'घरातील वस्तू' या रकान्यात इतकी किंमत बसत नाही.

चेन महिन्यातून एकदा कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ ब्रशने धुवा, क्राउन घट्ट बंद करून. पाण्याचा दाब तपासलेला नसेल तर चेन काढूनच धुवा. चेनचं आयुष्य वाढवायला याहून मोठा उपाय नाही.

घड्याळ घालून परदेशी जाणार असाल तर निघण्याआधी विमानतळावरच्या कस्टमच्या खिडकीवर निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. त्यात घड्याळाचं वर्णन आणि अनुक्रमांक असतो. परतताना 'हे तिकडून आणलं' असा प्रश्न आला तर तो कागद पुढे करायचा. रांगेसाठी तासभर आधी पोहोचा, आणि बिलाची प्रत सोबत ठेवा.